जूनचं दप्तर, मार्चची बाकी

कृष्णाकाठी आडसाली उसाची लागण होते जुलै-ऑगस्टमध्ये. तो तुटून कारखान्याला जातो पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या आगेमागे, म्हणजे पंधरा-सोळा महिन्यांनी. तोड वेळेवर मिळाली नाही तर आणखी उशिरा. एवढ्या काळात घरातल्या पोराचं एक अख्खं शैक्षणिक वर्ष सरलेलं असतं आणि दुसरं अर्ध्यावर आलेलं असतं. पैसा दीड वर्षातून एकदा येतो. शाळेची फी, गणवेश, दप्तर, व्हॅनचं भाडं आणि पावसाळा लागला की हमखास येणारा पोरांचा ताप मात्र दीड वर्ष थांबत नाही.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या कर्जाची गोष्ट सांगताना आकडा किती, हे आधी विचारलं जातं. तो प्रश्न दुय्यम आहे. लहान मुलं असलेल्या घराची ओढाताण होते ती बहुतेक वेळा तारखांमुळे. पैसा येण्याची तारीख आणि जाण्याची तारीख यांचं जमत नाही, मग मधला खड्डा भरायला दुसरं कर्ज काढलं जातं आणि दुसऱ्याचा हप्ता भरायला तिसरं.

पलूस तालुक्यातलं एक घर डोळ्यांसमोर आणू. एकरभर ऊस, दोन म्हशी, नवरा औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामाला, थोरली दुसरीत आणि धाकटा अंगणवाडीत. एकरी पंचेचाळीस टन ऊस निघाला आणि तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला तीन हजार हाती आले, तर बिल होतं १ लाख ३५ हजारांचं. बेणं, खतं, मशागत, पाणीपट्टी वजा करून निम्मे उरले तरी ती रक्कम ६७ हजार ५००. सोळा महिन्यांवर पसरली तर महिन्याला चार हजार दोनशेच्या आसपास. गावात या घराला ‘बागायतदार’ म्हणतात, हे आणखी वेगळं.

या घराला खरा हात देतात म्हशी. संघाचं किंवा डेअरीचं दुधाचं बिल बहुतेक ठिकाणी दर दहा दिवसांनी निघतं आणि त्याला ‘दुधाचा पगार’ असंच म्हणतात. किराणा, पेंड, गॅस आणि गटाचा हप्ता, सगळं याच पगारावर. म्हैस आटली की हप्ता थकला, असं सरळ गणित. म्हैस विते कधी आणि आटते कधी, याचा अंदाज घरातल्या बाईला असतो. कर्ज मंजूर करताना मात्र तो कुणी विचारत नाही.

उसाच्या बिलालाही कायद्याने तारीख दिलेली आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस कारखान्याला गेल्यापासून चौदा दिवसांत एफआरपीचे (केंद्राने ठरवलेल्या रास्त आणि किफायतशीर दराचे) पैसे द्यायचे, नाही दिले तर वर्षाला पंधरा टक्के व्याज लागू. हे व्याज हातात पडलेला शेतकरी शोधावा लागेल. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन तुकड्यांत द्यायची मुभा देणारा निर्णय काढला. शेतकरी नेते राजू शेट्टी त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. वर्तमानपत्रांत ही बातमी साखर कारखानदारीची म्हणून छापून आली. पण दुसरा तुकडा मिळेल तेव्हा मिळेल, आणि मुलीची फी जूनमध्ये भरायची आहे, असा हिशेब घालणाऱ्या आईसाठी ती घरखर्चाचीच बातमी होती.

दुसरी तारीख सोसायटीची. गावच्या विकास सेवा सोसायटीतून जिल्हा बँकेचं पीककर्ज मिळतं. तीन लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राच्या सवलतीमुळे आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे शेतकऱ्याला व्याज पडत नाही. कागदावर याहून स्वस्त कर्ज जगात नाही. अडचण ‘मुदतीत’ या शब्दापाशी येते. बहुतेकांची मुदत मार्चअखेर, काही पिकांची जूनअखेर. सवलत जास्तीत जास्त वर्षभराची. आडसाली ऊस रानात त्याहून जास्त काळ उभा असतो. मग मार्च आला की गावोगाव ‘नवं-जुनं’ सुरू होतं. कुणाकडून तरी आठ-पंधरा दिवसांसाठी लाख रुपये उचलायचे, सोसायटीत भरून जुनं खातं निरंक करायचं, नवं कर्ज मंजूर करून घ्यायचं आणि उचललेले पैसे परत करायचे. शेकडा तीन रुपये महिना या दराने लाखाला पंधरा दिवसांचे दीड हजार होतात. शून्य टक्क्याच्या कर्जाची ही खरी किंमत. शेजारीपाजारी हातउसने मिळाले तर तेवढे वाचतात, पण मार्चमध्ये शेजाऱ्याचंही नवं-जुनंच चाललेलं असतं.

तिसरी तारीख दर आठवड्याची, पंधरवड्याची किंवा महिन्याची, आणि ती बाईच्या नावावर असते. गावाकडे ‘फायनान्सचा हप्ता’ म्हणतात ती सूक्ष्म वित्तसंस्थांची कर्जं. तारण लागत नाही. शेजारच्या बायांचा गट केला की चाळीस-पन्नास हजार मिळतात. कुणाच्या तरी सोप्यात सकाळी मीटिंग भरते. कंपनीचा पोरगा मोटारसायकलवरून येतो, बाया ओळीने बसतात, कार्डं पुढे सरकवली जातात. शाळेची व्हॅन येण्याची वेळही तीच. एकीच्या मांडीवर पोर, दुसरीच्या हातात अर्धवट भरलेला डबा, आणि एकीचा हप्ता कमी पडला तर बाकीच्यांनी पन्नास-शंभर घालून पुरा करायचा, तोवर कुणी उठायचं नाही. ही उठू न देण्याची रीत कुठल्याही नियमात लिहिलेली नाही, हे आधी सांगितलं पाहिजे.

ते कार्ड एकदा नीट वाचण्यासारखं असतं. वर कर्जदार बाईचं नाव, खाली कर्जाची रक्कम, व्याजाचा वार्षिक दर, प्रक्रिया शुल्क, विम्याची कपात, मग तारखांचा लांबलचक रकाना आणि प्रत्येक हप्त्यासमोर सहीची जागा. चाळीस हजार रुपये वार्षिक चोवीस टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता २,११५ रुपयांच्या आसपास बसतो आणि परतफेड होते साधारण ५० हजार ७५०. एका कर्जाला हे पेलतं. तीन कंपन्यांची तीन कार्डं झाली की महिन्याला ६ हजार ३००च्या वर जातात, आणि दुधाचा पगार तेवढ्यावरच संपतो.

रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये या कर्जांसाठी नवे निर्देश काढले आणि ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. त्यातल्या काही गोष्टी प्रत्येक सोप्यात मोठ्याने वाचून दाखवायला हव्यात. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचं विनातारण कर्ज ते सूक्ष्म वित्त कर्ज. सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते कुटुंबाच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. महिन्याला पंधरा हजार येत असतील तर साडेसात हजारांवर थांबायचं. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. उशीर झाला तर दंड थकलेल्या रकमेवरच, सगळ्या कर्जावर नाही. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही. हप्ता ठरलेल्या जागीच द्यायचा. लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा कर्जदार तिथे आला नाही तरच घरी जाता येतं. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, चारचौघांत नाव जाहीर करणं यांना बंदी आहे. कार्ड कर्जदाराला कळेल अशा भाषेत हवं. संध्याकाळी सहाची ही मर्यादा मुलांच्या दृष्टीने फार मोलाची आहे. वसुलीवाला दारात उभा असताना आई कुठल्या आवाजात बोलते, हे सात वर्षांच्या मुलाला बरोबर कळतं.

निम्म्याचा नियम मोडतो तो उत्पन्नाच्या आकड्यापाशी. फॉर्मवर उत्पन्न किती लिहायचं, हे कर्ज हवं असलेली बाई आणि कर्ज वाटायचं उद्दिष्ट असलेला पोरगा यांच्यात ठरतं. दोघांनाही आकडा मोठा हवा असतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुराने ही घडी किती कच्ची आहे ते दाखवलं. मिरज, पलूस, वाळवा, शिराळा या तालुक्यांतल्या नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बचावासाठी निघालेली बोट उलटून माणसं गेली. ऊस कुजला, म्हशी वाहून गेल्या, वह्या-पुस्तकांचा लगदा झाला. त्यातून घर सावरतंय तोवर मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली, पण व्याज चालूच राहिलं. हप्ता ‘थांबला’ म्हणजे ‘माफ झाला’ असं समजून बसलेल्या कित्येक घरांना हे नंतर कळलं. पुढे जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर.

या भागाला सावकारी नवी नाही आणि सावकारीविरुद्धची तक्रारही नवी नाही. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. त्यानंतर इंग्रज सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा केला, तो ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यांत सातारा होता. आजच्या सांगलीतले वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा तेव्हा साताऱ्यातच मोडत. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्या कायद्याने न्यायालयाला कर्जरोख्याच्या मागे जाऊन मूळ हिशेब तपासायचा अधिकार दिला, देण्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद केलं, आणि हप्ते बांधून द्यायची सोय केली. हप्ते माणसाच्या कुवतीप्रमाणे असावेत, हे जवळपास दीडशे वर्षांपूर्वी सरकारी कागदावर आलं होतं, ते असं.

कुंडल परिसरात रुजलेल्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने १९४३ पासून पुढे हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला. सावकारांना चाप लावणं, गहाण जमिनी सोडवणं हे तर केलंच, पण लग्नाचा खर्चही हातात घेतला. कमी खर्चात, बडेजाव न करता लावलेली ‘गांधी लग्नं’ ही चळवळीची खूणच झाली. ब्रिटिशांशी लढणाऱ्या माणसांना मांडवाचा आणि जेवणावळींचा हिशेब करावासा वाटला, कारण एका लग्नाचं कर्ज पुढे त्या जोडप्याच्या मुलांच्या तोंडचा घास काढतं हे त्यांनी घराघरांत पाहिलं होतं.

घरात पैसा नसला की उठतं ते सोनं. रयत शिक्षण संस्थेच्या इतिहासात संस्थापकांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांची गोष्ट आदराने सांगतात: साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. १९३० मध्ये त्या गेल्या. त्यागाची गोष्ट म्हणून ती खरीच आहे. पण तिच्यात पश्चिम महाराष्ट्रातल्या बाईच्या अर्थकारणाचा नमुनाही दिसतो. जमीन नवऱ्याच्या नावावर, बँकेचं खातं नवऱ्याचं, आणि अडीअडचणीला बाईच्या हाती स्वतःचं म्हणून उरतं ते एवढंच. आजही जूनमध्ये सराफाकडे किंवा सोनेतारण कर्जाच्या काउंटरवर बायकांची गर्दी दिसते ती याच हिशेबाने.

तारखांचं हे कोडं ओळखून बांधलेली एक बँक साताऱ्यातच आहे. माण तालुक्यातलं म्हसवड हे दुष्काळी गाव. मुंबईत वाढलेल्या, जयप्रकाश नारायणांच्या चळवळीतून आलेल्या चेतना गाला लग्न करून सिन्हा झाल्या आणि इथल्या शेतकरी घरात आल्या. रस्त्याकडेला पाल ठोकून राहणारी, लोखंडी अवजारं घडवणारी एक बाई त्यांच्याकडे आली. रोज थोडे पैसे साठवायचे होते, पावसाळ्याआधी मुलाबाळांच्या डोक्यावर ताडपत्री घालायची होती. बँक खातं उघडून देत नव्हती. एवढ्या छोट्या रकमेसाठी खातं चालवणं बँकेला परवडत नव्हतं. तिच्यासारख्या बायांसाठी आपलीच बँक काढू, असं ठरलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बाया रडत बसल्या नाहीत. रात्रीच्या वर्गात अक्षरं गिरवली आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. आम्हाला वाचता येत नसेल, पण हिशेब येतो, म्हणाल त्या रकमेचं व्याज तोंडी काढून दाखवतो, आणि तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा, असं त्यांचं म्हणणं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. २०१८ मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक मंचाच्या सहअध्यक्षांमध्ये चेतना सिन्हा होत्या. पण म्हसवडच्या बाजारात बँकेची ओळख दावोसने झालेली नाही.

ती झाली दारात येणाऱ्या माणसामुळे. बाजारात भाजी विकणारी बाई टोपली सोडून शाखेत जाऊ शकत नाही. गेली तर त्या दिवसाचा धंदा बुडतो, आणि पोर बरोबर असेल तर जाणं-येणं अर्ध्या दिवसाचं. म्हणून बँकेचा माणूस तिच्याकडे जाऊ लागला. रोजचा पैसा रोज उचलला, तर महिनाअखेरीस मोठा हप्ता काढायची वेळच येत नाही. दुसरा बदल बायांनी स्वतः सुचवला. पासबुक घरी गेलं की नवऱ्याला शिल्लक कळते आणि शिल्लक कळली की ती राहत नाही. तेव्हा पासबुक नको, दुसरं काहीतरी द्या. त्यातून कार्ड आलं. आर्थिक साक्षरतेवर परिसंवाद भरवणाऱ्यांनी या एका मागणीवर थोडं थांबायला हरकत नाही. बचत कशी करायची हे त्या बाईला ठाऊकच होतं. बचत कुणापासून लपवायची, हा तिचा प्रश्न होता.

२०१२ च्या दुष्काळात एक शेतकरी बाई सोनं गहाण ठेवायला आली. पैसे कशाला हवेत? जनावरांना चारा-पाणी विकत घ्यायला. चाराच मिळत नव्हता, तर कर्ज देऊन काय होणार होतं? त्या प्रसंगातून म्हसवडला चारा छावणी उभी राहिली आणि सुमारे दीड वर्ष चालली. कर्ज देणाऱ्या संस्थेला कर्ज हे उत्तर नाही असं वाटलं, ही गोष्ट दुर्मीळ म्हणावी लागेल.

सगळ्यात वाईट तारखा मात्र ज्यांच्या वाट्याला येतात, ते उसाचे मालक नसतात. त्याच फडात ऊस तोडायला आलेलं जोडपं असतं. बीडकडून येतात तसे ते जत, आटपाडी आणि माणमधूनही निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून पावसाळ्यातच मिळालेली ‘उचल’ हे त्यांचं कर्ज. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाला साधारण ३६६ रुपये झाले. एक लाखाची उचल फिटायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. जोडप्याने दिवसाला दोन टन तोडला, एकही खाडा झाला नाही, तरी १३७ दिवस. ऊस कमी असला की हंगाम चार महिन्यांतच आटोपतो, म्हणजे १२० दिवस. उरलेली बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागतं. आणि खाडा होत नाही असं कुठलं घर, ज्यात दोन वर्षांचं मूल आहे? मूल तापाने फणफणलं की आई कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत थांबते, आणि कोयता अर्धा होतो.

फडाच्या बांधावर झोळीत तान्हं, शेजारी आठ वर्षांची बहीण राखण करत बसलेली, हे चित्र कऱ्हाडपासून मिरजेपर्यंत कुणालाही नवं नाही. त्या बहिणीचं नाव तिच्या गावच्या शाळेच्या पटावर असतं. तिच्यासाठी कारखान्यांच्या तळावर साखरशाळा निघाल्या, स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड द्यायचं ठरलं, आणि गावातच आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या मुलांच्या जेवणाची सोय करणारी हंगामी वसतिगृहं सुरू झाली. तिन्हींत शेवटचा उपाय सर्वांत व्यवहारी, कारण मूल आपल्या शाळेत, आपल्या बाईंसमोर राहतं. पण त्यासाठी वसतिगृह दिवाळीआधी, टोळ्या निघायच्या आत सुरू व्हावं लागतं. मंजुरी डिसेंबरात आली तर मूल तोवर कारखान्याच्या तळावर पोचलेलं असतं.

आणि या सगळ्या तारखा चुकल्या म्हणून खाजगी सावकाराकडे गेलेल्या घरांसाठी २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा आहे. परवाना नसताना सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवानाधारकालाही शेतीकर्जावर तारण असेल तर वर्षाला नऊ आणि नसेल तर बारा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. शेतीबाहेरच्या कर्जावर हेच दर पंधरा आणि अठरा. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. गावात सर्रास चालणारा शेकडा पाच रुपये महिना म्हणजे वर्षाला साठ टक्के; दहा हजारांवर महिन्याला पाचशे, वीस महिन्यांत व्याज मुद्दलाएवढं, आणि मुद्दल जागच्या जागी. तक्रार करायची ती तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात. सावकारीच्या व्यवहारात जमीन लिहून दिली असेल, तर मागच्या पंधरा वर्षांतल्या व्यवहाराची चौकशी करून ती परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधक देऊ शकतात. अर्जासोबत सातबारा, खरेदीखताची नक्कल, दिलेल्या पैशांच्या चिठ्ठ्या, फोनवरून पाठवलेल्या रकमांच्या नोंदी, जे असेल ते जोडायचं. साध्या वहीत तारखेसह लिहून ठेवलेला हिशेबही चौकशीत उपयोगी पडतो, आणि अशी वही बहुतेक घरांत आईच्या पेटीत असतेच.